मंजुरीचे कारण



गेल्या महिन्यात शहाद्याहून माझ्या पुतण्याचा दूरध्वनी आला. आडतीचा मनुष्य ऐन दुपारी, मालाच्या आवकेच्या वेळी फोन करतो म्हणजे काही विशेष असणार, हे मी ओळखले. त्याच्या दहा वर्षांच्या कन्येला मध्यंतरी घसा दुखून ताप आला होता. तो तीन-चार दिवसांत उतरला आणि सारे विसरले. पंधरा-वीस दिवसांनी तिचा गुडघा सुजला. गुडघ्याची सूज उतरली तो घोटा सुजला, घोटा बरा झाला तो मनगट. नाशिकला नेऊन दाखवले, हृदयाची इको तपासणी झाली, आणि एका झडपेतून किंचित गळती असल्याचे आढळले. डॉक्टरांनी ‘ऱ्हुमॅटिक फीव्हर’ असे निदान करून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन लिहून दिले. किती काळ, असे विचारता ते म्हणाले, “निदान दहा वर्षे तरी धरून चाला.”

पुतण्याने मला दोन प्रश्न विचारले. पहिला असा की, इतके जुने औषध आता चालते तरी का? दुसरा प्रश्न खास व्यापारी होता. “काका, दोन वर्षांपूर्वी पप्पांना सुरतेला जे इंजेक्शन दिले, ते पेनिसिलिनच्याच घराण्यातले असे तिथले डॉक्टर म्हणाले होते. त्याचे बिल हजारांत झाले. हे तर एका थाळीच्या पैशात येते. स्वस्तात पोरीचे काही नुकसान तर होणार नाही ना?”

आणि मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “मम्मीचे म्हणणे वेगळेच आहे. मुलीची जात आहे, दर महिन्याला सुई टोचायला नेले तर गावभर कळेल. ते नकोच म्हणते ती.”

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले आहे. त्याची हकीकत पुढे येईल. आधी प्रश्नांची उत्तरे.

मी डॉक्टर नव्हे. वाणिज्य शाखेत शिकलेला, बँकेत आयुष्य घालवलेला मनुष्य. परंतु कोणत्याही कागदावरील बारीक अक्षर वाचण्याची सवय नोकरीने लावली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. पेनिसिलिनच्या कुपीसोबत जे घडीचे माहितीपत्रक येते ते मी भिंग घेऊन वाचले, आणखी काही वाचले, आणि खाली लिहिलेला मजकूर एका डॉक्टर स्नेह्याकडून तपासून घेतला.

बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्रात रकमेइतकेच महत्त्व ‘कारण’ या रकान्याला असते. विहिरीसाठी उचललेले कर्ज लग्नात खर्ची पडले की विहीरही होत नाही आणि हप्ताही फिटत नाही. औषधाच्या माहितीपत्रकातही असाच एक रकाना असतो. शासनाच्या औषध नियंत्रकांनी हे औषध कोणत्या आजारांसाठी मंजूर केले, हे त्यात लिहिलेले असते. पेनिसिलिनच्या बाबतीत तर एक अट स्पष्ट शब्दांत घातलेली आढळते. ज्या जंतूवर हे औषध चालते त्याच जंतूने आजार झाल्याचे सिद्ध झाले असेल, किंवा तसा सबळ संशय असेल, तरच ते वापरावे. आपण रुग्णाचे आप्त हा रकाना कधीच वाचत नाही. बिलाचा आकडा मात्र दोनदा वाचतो.

प्रथम हे औषध स्वस्त कसे झाले ते सांगतो, कारण पुतण्याच्या मनातील शंकेचे मूळ तिथेच आहे. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतूंच्या बशीत बुरशीचा एक ठिपका वाढलेला दिसला, आणि त्या बुरशीच्या भोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. त्यापासून औषध बनवण्याचे काम पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते प्रथम उपचार म्हणून देण्यात आले. त्याचा चेहरा व डोळा जंतुसंसर्गाने सडत चालला होता. चार-पाच दिवसांत तो उठून जेवू लागला. पण औषधाचा साठा संपत आला. पेनिसिलिन लघवीवाटे झपाट्याने बाहेर पडते, म्हणून त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून त्यालाच टोचण्यात आले. तरीही पुरले नाही, आणि मार्च महिन्यात तो गेला. औषध लागू पडत असताना केवळ माल संपला म्हणून माणूस गेला, ही गोष्ट मला त्या सबंध इतिहासात सर्वांत अधिक लागली.

पुढे अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यात बुरशी वाढवली तर उत्पादन कितीतरी पटींनी वाढते, असे आढळले. १९४३ साली तेथेच बाजारातून आलेल्या एका बुरसलेल्या खरबुजावर अधिक उत्पादन देणारी बुरशी सापडली. युद्धाच्या गरजेने कारखाने उभे राहिले, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यासोबत पेनिसिलिनचा पुरेसा साठा होता.

आपल्याकडे हे औषध तेव्हा परदेशातूनच यावयाचे. ते देशात बनावे म्हणून १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्यास साहाय्य होते. १९५५ साली उत्पादन सुरू झाले. पिंपरी-चिंचवडची कारखानदारी आज आपण पाहतो, तिच्या आरंभीच्या पानावर हे नाव आहे. जुने पुणेकर अजूनही त्यास ‘एच. ए. कंपनी’ म्हणून ओळखतात. याच कंपनीच्या शास्त्रज्ञांनी शोधलेल्या बुरशीनाशक औषधास कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘हमायसिन’ असे नाव पडले. खानदेशातल्या सरकारी दवाखान्यापर्यंत पेनिसिलिन पोचले, त्यामागे पिंपरीचा मोठा वाटा आहे. तेव्हा स्वस्त म्हणजे हलके, हा हिशेब येथे लागू होत नाही.

त्या स्वस्ताईचा दुसरा परिणाम मात्र व्यापाऱ्यांना पटकन समजेल. ज्या मालात नफा उरत नाही तो माल बनवणारे उरत नाहीत. चीनमधून स्वस्त कच्चे पेनिसिलिन येऊ लागल्यावर देशातील उत्पादन एकेक करून बंद पडले, आणि पुढे कित्येक वर्षे आपण त्यासाठी आयातीवर अवलंबून राहिलो. २०२० साली केंद्र सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाच्या योजनेत पेनिसिलिनचा समावेश केला, आणि २०२४ साली आंध्र प्रदेशात काकिनाडा येथे पुन्हा उत्पादन सुरू झाले. माझ्या पुतण्याच्या मुलीला जे लिहून दिले आहे, त्या महिन्याच्या इंजेक्शनाचा मूळ घटक बनवणारे तर साऱ्या जगात मूठभर आहेत. त्यामुळे ते मधूनमधून बाजारातून नाहीसे होते. आपल्या समाजात औषधांचा घाऊक व्यापार करणारी अनेक घरे आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, ज्या गावात असे दोन-चार रुग्ण असतील तेथे पुढच्या दोन तारखांचा साठा जरूर ठेवावा. नफा नगण्य आहे, हे मला ठाऊक आहे.

आता मंजुरीच्या रकान्याकडे वळू. पेनिसिलिनचे इंजेक्शन असे म्हटले तरी कुप्या वेगवेगळ्या आहेत, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. पहिली क्रिस्टलाइन पेनिसिलिनची. ती शिरेतून दिली जाते आणि रक्तात लगेच पोचते. पण मूत्रपिंडे अर्ध्या-पाऊण तासात निम्मे औषध बाहेर टाकतात. त्या पोलीस शिपायाची गोष्ट आठवावी. म्हणून ते दर चार ते सहा तासांनी, रात्रीसुद्धा, द्यावे लागते, आणि म्हणून ते रुग्णालयातील औषध आहे. मंजूर आजारही तसेच गंभीर आहेत. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, विशिष्ट जंतूंचा तीव्र न्यूमोनिया, छातीत साचलेला पू, मेंदूच्या आवरणाचा दाह आणि हृदयाच्या आतील अस्तराचा दाह, हे त्यांतील प्रमुख. शेवटच्या आजारात तर बहुधा चार आठवडे हे इंजेक्शन चालते. रुग्णाला आठव्या दिवशी ताप नसतो, भूक लागते, आणि घरचे म्हणतात की आता घरी नेऊ. झडपेवर बसलेले जंतू तोवर मेलेले नसतात.

घटसर्प, धनुर्वात आणि गॅस गँगरीन यांतही पेनिसिलिन मंजूर आहे. पण घटसर्प व धनुर्वातात ते एकटे पुरत नाही. हे जंतू शरीरात विष सोडतात. पेनिसिलिन जंतूंचा बंदोबस्त करते, पण अगोदर सुटलेल्या विषाला ते काही करू शकत नाही. त्यासाठी विषावरचा उतारा वेगळा टोचावा लागतो. गॅस गँगरीनमध्ये शस्त्रक्रिया करून सडलेला भाग काढावा लागतो. जनावरांपासून होणाऱ्या अँथ्रॅक्ससाठीही ते मंजूर आहे. उपदंशावर आजही पहिले औषध हेच. गर्भवतीला उपदंश असेल तर पोटातील बाळापर्यंत पोचून त्याचे रक्षण करणारे खात्रीचे औषध म्हणून डॉक्टर पेनिसिलिनच देतात. गरोदरपणात ही रक्ततपासणी सर्वांचीच होते. यादीत ती दिसली म्हणून कोणी अपमान मानू नये.

धान्याच्या व्यापाऱ्यांनी एक नोंद अवश्य करावी. उंदीर चावल्याने येणारा एक ताप आहे, आणि तो या माहितीपत्रकात नावानिशी नमूद आहे. गोदामात काम करणाऱ्या हमालाला उंदीर चावला, जखम सुकली, आणि काही दिवसांनी थंडी वाजून ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना ‘उंदीर चावला होता’ हे सांगितलेच पाहिजे. त्या एका वाक्यावाचून निदान चुकते. उंदराच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस नवापूरपलीकडे, दक्षिण गुजरातच्या भातशेतीत पावसाळ्यात दिसतो. त्याच्या तीव्र रूपातही पेनिसिलिन दिले जाते.

दुसरी कुपी बेंझाथिन पेनिसिलिनची. पुतण्याच्या कन्येला लिहून दिले आहे ते हेच. हे स्नायूत टोचतात. तेथे ते हळूहळू विरघळते आणि तीन-चार आठवडे थोडे थोडे रक्तात येत राहते. बँकेच्या भाषेत मुदत ठेवीवरचे मासिक व्याज म्हणा. हे इंजेक्शन शिरेत कदापि जाता कामा नये. गेल्यास हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो, असा इशारा माहितीपत्रकावर चौकटीत छापलेला असतो. म्हणून ते घरी, ओळखीच्या माणसाकडून, सोय म्हणून टोचून घेऊ नये.

ऱ्हुमॅटिक फीव्हरमध्ये या इंजेक्शनाचे काम काय? घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू येतो. त्याच्याशी लढताना काही मुलांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पूर्ववत होतात. झडपा प्रत्येक हल्ल्यात थोड्या अधिक खराब होतात. झालेली हानी इंजेक्शन भरून काढत नाही. पुन्हा घशाचा संसर्ग होऊ न देणे, एवढेच त्याचे काम आहे. त्यामुळे ते घेणाऱ्याला ‘बरे वाटल्या’चा अनुभव कधी येतच नाही, आणि म्हणूनच लोक ते सोडतात. ज्या मुलांच्या हृदयाला काही झालेले नाही त्यांनाही निदान पाच वर्षे, झडप खराब असेल तर निदान दहा वर्षे, काहींना चाळिशीपर्यंत आणि काहींना जन्मभर ते घ्यावे लागते.

जुने औषध चालते का, याचे उत्तर येथे आहे. फोडे-गळवे करणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू पेनिसिलिन बाजारात आल्यावर थोड्याच वर्षांत त्याला निर्ढावला, आणि आज त्यावर साधे पेनिसिलिन बहुधा चालत नाही. परंतु घशाचा हा स्ट्रेप्टोकोकस ऐंशी वर्षांत पेनिसिलिनला एकदाही दाद न देणारा झालेला नाही. २०२१ साली युगांडातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या झडपांत नुकता बिघाड सुरू झाला होता, पण ज्यांना काहीच त्रास नव्हता, अशा ८१८ मुलांपैकी निम्म्यांना दर महिन्याला हे इंजेक्शन दिले. दोन वर्षांनी पाहता इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला होता, घेतलेल्यांपैकी अवघ्या ०.८ टक्के मुलांचा. जुन्या औषधाचे याहून चांगले प्रगतिपुस्तक मी तरी पाहिलेले नाही.

आता थोरल्या बंधूंचे सुरतेचे बिल. त्यांचे अपेंडिक्स पोटात फुटले होते. त्यांना दिलेले पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे त्याच घराण्यातील, पण फार रुंद पल्ल्याचे इंजेक्शन. आतडे फुटले की पोटात एक नव्हे, अनेक जातींचे जंतू एकदम सांडतात. त्यांतील काही पेनिसिलिन मोडून टाकणारे द्रव्य तयार करतात. टॅझोबॅक्टम त्या द्रव्याला अडवते, म्हणजे पिपरासिलिनला काम करता येते. पोटातील असा संसर्ग, रुग्णालयात असताना झालेला न्यूमोनिया, मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेतील संसर्ग, बाळंतपणानंतर गर्भाशयाला झालेला संसर्ग, ही त्याची मंजूर कारणे. बंधूंना ते अगदी योग्य कारणासाठी दिले गेले. पण नातीच्या घशातील एकाच, ओळखीच्या जंतूसाठी ते देणे म्हणजे दारातला विंचू मारायला फौजफाटा बोलावणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांची प्रतवारी केली आहे. तीत साधे व बेंझाथिन पेनिसिलिन सर्वांना सहज मिळावे अशा गटात आहेत, आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम जपून वापरावे अशा गटात. आपला माणूस अतिदक्षता विभागात असेल आणि असे इंजेक्शन चालू असेल, तर दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, “कल्चरचा रिपोर्ट आला का? त्यावरून साधे औषध चालेल का?” चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मंजुरीच्या रकान्यात काय नाही, तेही सांगितले पाहिजे. सर्दी-पडसे नाही, डेंग्यू-चिकुनगुनिया नाही. विषाणूंच्या कोणत्याही तापात पेनिसिलिन काही करीत नाही. ते जंतूच्या पेशीभित्तीवर घाव घालते, आणि विषाणूला भिंतच नसते. नोकरीत असताना अक्कलकुवा भागात काही वर्षे काढली. बाजाराच्या दिवशी दवाखान्यापुढे रांग लागे, आणि सुई मिळाल्याशिवाय कोणी समाधानाने परत जात नसे. पन्नास रुपये मजुरीतून वीस रुपये सुईचे. आपण शहरी, शिकलेले लोक त्यांना हसतो आणि स्वतः मात्र औषधाच्या दुकानातून, चिठ्ठी नसताना, मागच्या वेळचीच गोळी मागून आणतो. गोळ्यांच्या पाकिटावरील उभी लाल रेघ त्यासाठीच छापलेली असते.

आपल्या जिल्ह्यासाठी एक मुद्दा इंजेक्शनाचा नसला तरी पेनिसिलिनचाच आहे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि आपल्या दुकानांत, गोदामांत, घरांत काम करणारी माणसे त्याच समाजांतील आहेत. सिकलसेलच्या बालकाची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा वाटणारा ताप एका रात्रीत घातक ठरतो. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा लहान मुलांना पेनिसिलिनच्या गोळ्या रोज दोनदा दिल्या, तर न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवून सर्वच मुलांना गोळ्या सुरू केल्या. आपल्या मुनीमाच्या किंवा हमालाच्या घरी असे पाच वर्षांखालील मूल असेल, तर त्याला या गोळ्या मिळतात का, एवढे विचारायला आपले काय जाते?

राहिली भीती रिॲक्शनची. ती खोटी नाही. पेनिसिलिनने क्वचित, हजारोंत एखाद्याला, श्वास कोंडून रक्तदाब कोसळण्याइतकी तीव्र ॲलर्जी होते. म्हणून इंजेक्शन जेथे ॲड्रिनलिन हाताशी आहे अशाच ठिकाणी घ्यावे आणि नंतर अर्धा तास तेथेच बसावे. मात्र ‘आमच्याकडे पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तपासणीअंती ॲलर्जी नसल्याचे आढळते. लहानपणी तापात पुरळ उठले, कोणी फाईलवर शेरा मारला, आणि तो जन्मभर राहिला, असा प्रकार असतो. जुन्या खात्यावरील चुकीचा शेरा आपण पाठपुरावा करून काढून घेतो. हाही तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. ज्यांच्या झडपा फारच खराब झाल्या आहेत अशा रुग्णांसाठी इंजेक्शनाऐवजी गोळ्या बऱ्या, असे अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सुचवले आहे. तो निर्णय डॉक्टरांचा. इतरांना गोळ्यांचा पर्याय सोपा वाटतो, पण रोज दोन गोळ्या दहा वर्षे, आणि त्यात आपले उपवास, चौविहार, गावोगावची लग्ने. किती चुकतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आता ते वाक्य.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे जीजी म्हणत असू, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. १९६५ साली ती अकरा वर्षांची असताना तिचेही असेच गुडघे, घोटे सुजले. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. वडिलांनी तिला धुळ्याला नेले. तेथील डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन सांगितले. वडील हिशेबाचे पक्के. दुकानाच्या रोजमेळात त्यांनी शेवटी एक पान राखून त्यावर जीजीच्या तारखा लिहिल्या होत्या. इंजेक्शन झाले की तारखेपुढे ते बरोबरची खूण करीत. आठ वर्षे एकही तारीख चुकली नाही.

१९७३ साली तिचे लग्न ठरले. घर चांगले, मुलगा चांगला. साखरपुड्यानंतर आईने वडिलांना सांगितले, “मुलीची जात आहे. दर महिन्याला सुई कशाची, असे सासरी विचारले तर काय सांगाल?” वडिलांनी उत्तर दिले नाही. त्या पानावरील शेवटची खूण एप्रिल १९७३ ची आहे. सासरी कोणाला काही सांगितले गेले नाही. मग त्यांना दोष तरी कसा द्यावा? जीजीने स्वतः कधी तोंड उघडले नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि सारे ठाऊक असून गप्प होतो.

१९७७ साली दुसऱ्या बाळंतपणात तिला जिना चढवेना. रात्री उशा रचून बसून राहू लागली. मुंबईला नेले तेव्हा डावीकडची झडप चिकटून करंगळीच्या टोकाएवढी वाट उरली होती. शस्त्रक्रिया करून ती मोकळी केली, आणि इंजेक्शने पुन्हा सुरू झाली. तिची सासू स्वतः तिला घेऊन जात असे. “आधी सांगितले असते तर आम्ही काय मुलगी नाकारली असती?” असे त्या माउलीने माझ्या आईला एकदाच विचारले. कदाचित नाकारलीही असती. पण जीजी घरी राहून जगली असती. पुढे चौदा वर्षे ती जमेल तसा संसार करीत राहिली आणि १९९१ साली, सदतिसाव्या वर्षी गेली. तिचा धाकटा मुलगा त्या वर्षी नववीत होता.

हे सारे मी पुतण्याला फोनवर सांगितले नाही. पुढच्या रविवारी शहाद्याला गेलो आणि भाभींसमोर बसून सांगितले. भाभींना जीजी आठवत होती. तिच्या आजाराचे कारण मात्र त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन नातीचा कागद घेऊन आल्या आणि विचारले, “शाळेत बाईंना सांगून ठेवायचे का?”

परवा तिचे तिसरे इंजेक्शन झाले. पुतण्याने तारखा दुकानातील भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिल्या आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. पुढच्या तारखेला दवाखाना बंद असणार आहे, म्हणून ती एक दिवस अलीकडे घेतली आहे.